कोरड्या कापराचा पंचनामा

॥ श्री शंकर प्रसन्न ॥

बुलढाणा,
बुधवार, ता. १५ जुलै १९६४

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांचे चरणी मार्तंडाचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार तूर्त कागदावरच स्वीकारावा. गेल्या रविवारपासून गुडघे वाकत नाहीत, आणि वाकलेच तर पुन्हा उठवायला दोन माणसे लागतात. कारण पुढे येईलच.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आपली भगिनी क्षेम आहे, माझ्याविषयी काय ते पत्र वाचून आपणच ठरवावे. आपला दमा पावसाळ्यात कसा आहे? सौ. बेबीताई वहिनींनी पाठवलेले मिरगुंड पोचले. पंचवीस पाठवल्याचे आपण लिहिता, इथे तेवीस निघाले. मी कोणाला काही बोललो नाही, नुसते लक्षात ठेवले आहे. तसेच आपले गेल्या महिन्यातले पत्रही पोचले, परंतु पाकिटाच्या पाठीवर डिंकाचे दोन थर होते. एक थर आपला धरला, तर दुसरा कोणाचा? बावीस वर्षे कोर्टात नकला करून माझी नजर अशी झाली आहे, त्याला माझा इलाज नाही. दोन्ही बाजूंच्या जबान्या रोज स्वतःच्या हाताने उतरवून काढणारा माणूस कोणावर विश्वास ठेवील? फिर्यादी म्हणतो आंबा माझा, आरोपी म्हणतो आंबा माझा, आणि पंचनाम्यात निघते की झाड बाभळीचे.

असो. मूळ मुद्दा असा. चैत्रात आपल्या कोकिळेचे बाळंतपण इथेच, आपल्या घरी झाले हे आपणांस ठाऊक आहेच. ते किती अडले होते हे मात्र मी आपणांस तेव्हा कळवले नव्हते. दीड दिवस पोर आत कण्हत होती, सुईण तोंड पाडून बाहेर येई, आणि मी पडवीत फेऱ्या घालीत होतो. त्या वेळी मी कोणावरही संशय घेतला नाही, भाऊसाहेब, इतका मी घाबरलो होतो. तिसऱ्या प्रहरी सौ. देवघरात गेली, तिथून माजघरात गेली, आणि घटकाभराने नातू रडला. संध्याकाळी चहा देताना ती एवढेच म्हणाली, की पायी नागद्वारीचा नवस बोलले आहे, या श्रावणातच फेडायचा. मी लगेच दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन रजेचा अर्ज टाकला. नवस बायकोने बोलायचा आणि पाय नवऱ्याचे झिजायचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे, आणि नातवाचे नाव आल्यावर मी वहिवाटीविरुद्ध हरकत घेणारा माणूस नाही. नागद्वारी म्हणजे काय हे मलकापुरात राहून आपणांस सांगायला नको. श्रावणात आपल्याच स्टेशनावरून ते भगत लोक गाड्या भरभरून पचमढीला जातात. सात डोंगर, भर पावसात, पाठीवर शिधा, मुक्कामाला गुहा, आणि नागपंचमीच्या आत नागोबाचे दर्शन. मी जाणार हे मी कचेरीत सगळ्यांना सांगून टाकले. खुद्द न्यायाधीशसाहेब "वा, मार्तंडराव!" म्हणाले. (ते हसून म्हणाले की गंभीरपणे, यावर मी दोन रात्री विचार केला.)

आता एकट्याने काही नागद्वारी होत नाही, जथा लागतो. माझ्यासमोर बसून नकला करणारे शेषराव गेली तीन वर्षे धाडच्या पुंजाजींच्या जथ्यातून जातात. हे पुंजाजी म्हणजे साठीचे शेतकरी गृहस्थ, अंगाने वाळलेल्या तुरकाठीसारखे, अकरा वेळा नागद्वारी केलेले. शेषरावांबरोबर त्यांना भेटायला धाडच्या बाजारी गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. आधी पायांकडे पाहिले, मग पोटाकडे, मग पुन्हा पायांकडे, आणि शेषरावांना म्हणाले, "पाय तं बरे हायेत, पन वरचं ओझं कोनाचं हाय?" यावर सगळा बाजार हसला असे मी म्हणणार नाही, पण गुळाचा व्यापारी नक्की हसला.

पुंजाजींच्या जथ्याची एक रीत आहे, ती नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. जत्रेच्या महिनाभर आधी, आषाढाच्या चिखलात, ते सर्वांना धाडजवळच्या आसराईच्या टेकडीवर सरावाला नेतात. पायथ्याशी प्रत्येकाच्या हातावर कापराची एक वडी आणि एक आगपेटी ठेवतात. कुठे ठेवायची, कशी जपायची, ते ज्याचे त्याने पाहावे. वर महादेवाची पिंड आहे. तिथे ज्याचा कापूर पेटला तो जथ्यात, ज्याचा नाही पेटला तो घरी. यात वशिला नाही, विनंती नाही, अपील नाही. मी कारण विचारले तेव्हा पुंजाजी म्हणाले, "साहेब, थ्या गुहेत भर दुपारी अंधार असते अन् आठ दिवस पानी थांबत नाही. ज्याले आपली आगपेटी कोरडी ठेवता येत नाही, त्याले मंग दुसऱ्यानं ठेवा लागते. मले भगत पायजे, पोरगं नोको."

रीत चांगलीच आहे. परंतु याच वर्षी, मी नाव घातल्याबरोबर, तिची एवढी सक्ती का? शेषरावांना खोदून विचारले तर ते म्हणाले दरवर्षीच असते. म्हणणारच. शेषरावांची जागा माझ्या हाताखाली आहे, आणि मी दमलेला, लंगडणारा, रजेवर असलेला कोणाला हवा असेल हे सांगायला वकील नको. शिवाय जथ्यात उंद्रीचे हिंमतराव आहेत. मोठे जमीनदार, आवाज विहिरीत घागर पडल्यासारखा. त्यांना दोन वर्षांपूर्वी बांधाच्या दाव्यातली एक नक्कल हवी होती आणि ती माझ्या टेबलावर अडीच महिने राहिली. (शाई फिकी होती, माझा काही दोष नव्हता, पण तारखेच्या दिवशी त्यांना नकलेवाचून परत जावे लागले हे खरे.) असा मनुष्य मला पाहून "या, या, मार्तंडराव, तुमी आले तं मजा येईल" असे म्हणतो, हातात हात घेतो आणि सांगतो की रविवारी सगळ्यांची न्याहारी माझ्याकडून. भाऊसाहेब, मला एकदम जमालगोटा आठवला. चिखलाच्या चढावर ज्याच्या पोटात जमालगोटा गेला, त्याचा कापूर कसला पेटतो!

म्हणून मी ठरवले की आपले खाणे आपल्याच घरचे. पण डबा मी उचलला तर हात अडकणार, आणि डबा दुसऱ्याकडे दिला तर तो डबा आणि हिंमतरावांची न्याहारी यात फरक तो काय राहिला? तेव्हा सौ.ला बरोबर घेतली. ती नको म्हणेल असे वाटले होते, परंतु ती चटकन "येते की" म्हणाली. (हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. आता रात्री झोपताना तेच ऐकू येते.) पुंजाजींनी बाई पाहून भुवया वर केल्या. आजवर त्यांच्या जथ्यात बाई गेलेली नाही. पण मी डब्याचे सांगितल्यावर म्हणाले, "येऊ द्या वहिनीले. टेकडी काय माया बापाची हाय?"

पायथ्याशी कापूर आणि आगपेट्या वाटल्या आणि पुंजाजींनी बजावले की आता इथून कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. जत्रेला निघालेला प्रत्येक जण भगत. पुढच्याने "भगत, दगड हाय" म्हणायचे आणि मागच्याने तेच पुढे पोचवायचे. धार्मिक दृष्ट्या हे फार उदात्त असेल, पण आपण पुराव्याच्या दृष्टीने पाहावे. नऊ माणसे, नवांचे नाव एकच. उद्या यातल्या एकाने मला ढकलले तर मी फिर्याद कोणाविरुद्ध लिहू? भगताने भगतास ढकलले?

हे ओळखूनच मी माझी युक्ती आधी करून ठेवली होती. बुलढाण्याहून निघतानाच मी दुसरी आगपेटी आणि दुसरी कापराची वडी मेणकापडात गुंडाळून आणली होती. पुंजाजींनी दिलेली आगपेटी मी सर्वांसमोर सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, अर्धी बाहेर दिसेल अशी. ज्याला भिजवायची असेल त्याने ती भिजवावी. आणि माझी खरी आगपेटी, मेणकापडाची, मी सौ.च्या गाठोड्यात, भाकरीच्या डब्याखाली सारली. कोणी पाहिले नाही. सौ.ने तेवढे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे कशाला? तुमची तुम्ही ठेवा ना." मी डोळ्यांनी गप्प केली. इतका साधा डाव हिंमतरावांच्या सात पिढ्यांना सुचला नसता, अशा समाधानात मी चढायला लागलो.

पहिला चढ मी उत्तम चढलो हे शेषरावांनीही कबूल केले आहे. (त्यांनी "बरे चढलात" म्हटले. "बरे" या शब्दावर मी भर देत नाही.) पुढे दोन टेकड्यांच्या मधली खाच लागते. तिथे आसराईचा झरा आहे, आणि त्याचे पाणी कुठे वाहून न जाता जागीच मुरते. सगळी जमीन चिबड. वरून पाहिले तर हिरवे गवत, अगदी गालिचा अंथरल्यासारखे, आणि खाली पुरुषभर खोल काळी माती, भिजून लोण्यासारखी झालेली. आपल्याकडची काळी माती आपण जाणताच. ती पाय घेते ते घेते, वर जोडाही ठेवून घेते. पुंजाजी काठावर थांबले आणि मागे निरोप आला, "भगत, डाव्या अंगानं." पुढच्या भगताने मला सांगितले, "भगत, डाव्या अंगानं." तो भगत हिंमतराव होता.

आता आपणच सांगा, मी काय करावे? ज्या माणसाची नक्कल मी अडीच महिने ठेवली तो मला स्वतःहून वाट दाखवतो, आणि तीही हसून. डावीकडे पाहिले तर खडबडीत दगड आणि बोरीचे काटे. उजवीकडे ते सपाट, सुंदर गवत. मी मनात म्हटले, मार्तंडा, साक्षीदार ज्या बाजूला बोट दाखवतो, त्याच्या उलट बाजूला मुद्देमाल सापडतो. मी उजवीकडे वळलो. चार पावले उत्तम गेली. पाचव्या पावलाला गवत खाली गेले, सहाव्याला मी गेलो.

मांडीपर्यंत गेलो तेव्हा मी ओरडलो नाही, कारण ओरडलो तर त्यांना आनंद झाला असता. कमरेपर्यंत गेलो तेव्हा ओरडलो. हिंमतराव धावत परत आले, पालथे पडून त्यांनी काठी पुढे केली आणि म्हणाले, "भगत, धरा न बे काठी!" (जमीनदार माणसाने कोर्टाच्या नोकराला सर्वांसमोर बे म्हणावे, याची नोंद करून ठेवली आहे.) परंतु मी काठी धरली नाही. ती ओढून त्यांनी मध्येच सोडली तर? मी म्हटले, दुसरी काठी आणा. शेषरावांनी आपली काठी पुढे केली. ती धरावी तर शेषराव. असा मी दोन काठ्यांच्या मध्ये विचार करीत होतो आणि खाली आसराई मला हळूहळू आत घेत होती. पाणी सदऱ्याच्या खिशाला लागले तेव्हा पुंजाजी मोठ्याने म्हणाले, "भगत, कोनाची तरी एकाची धरा, नाहीतं कोनाचीच धरायची पाळी येनार नाही."

आणि या सगळ्या वेळात आपली भगिनी काय करीत होती? मी बुडत असताना ती माझ्या बाजूने, त्याच उजव्या बाजूने, चालत आली. डोक्यावर गाठोडे, लुगड्याचा काचा मारलेला, अनवाणी. गवताचे जे घट्ट बुडखे चिखलातून वर आलेले असतात त्यांवर नेमका पाय ठेवत, एकावरून दुसऱ्यावर, अंगणातल्या रांगोळीवरून जपून जावे तशी. माझ्याजवळ येऊन थांबली, खाली वाकली, आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, धरा आता. लोक पाहून राहिलेत." मी दोन्ही काठ्या धरल्या. निघालो. डावा कॅनव्हासचा बूट आत राहिला. (तो नवा होता. तिथे नेमके तेवढेच खोल कसे होते, याचा तपास अजून व्हायचा आहे.) पुढची वाट मी एका बुटावर आणि हिंमतरावांच्या खांद्यावर केली. सबंध वाटेत ते एकदाही नकलेविषयी बोलले नाहीत, आणि हे त्यांनी इतक्या सहजपणे केले की मला फारच संशय आला.

वर पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि वारा सुटला होता. पिंडीभोवती सगळे बसले. शेषरावांनी टोपीतून आगपेटी काढली, कापूर पेटला. हिंमतरावांनी पागोट्याच्या घडीतून काढली, पेटला. एकेकाचा पेटला. कोणी भोपळ्याच्या तुंब्यात ठेवली होती, कोणी काखेत. माझी पाळी आली. मी खिशातली आगपेटी काढून उलटी केली, तिच्यातून काळे पाणी गळाले आणि एक बारका बेडूक पडला. सगळे हसले. मी त्यांना पोटभर हसू दिले. मग मी उभा राहिलो आणि कोर्टात कसलेला वकील उठतो तसा सदरा सारखा करून म्हणालो, की मंडळी, मला हे सर्व अगोदरच ठाऊक होते. तुम्ही जी पाहत होता ती आगपेटी नुसती दाखवायची. खरी आगपेटी इथे आहे. आणि मी सौ.च्या गाठोड्यातून मेणकापडाची पुडी काढून उंच धरली. कोरडी खडखडीत!

मी काडी ओढली. हात चिखलाने बरबटलेले, गुल ओला झाला, काडी विझली. दुसरी ओढली, वाऱ्याने गेली. तिसरी मोडली. चौथ्या वेळी सौ.ने माझ्या हातातून आगपेटी घेतली. पदराने हात पुसले, वाऱ्याकडे पाठ केली, दोन्ही हातांची ओंजळ केली. भर पावसाळ्यात ओली लाकडे पेटवून सव्वीस वर्षे माझा चहा करणारी बाई ती, तिला कापूर म्हणजे काय? एका काडीत पेटला. नवांत सगळ्यांत मोठी ज्योत. सगळ्यांनी "हर हर महादेव" केले, मीही केले, आणि मोठ्या विजयाने पुंजाजींकडे पाहिले.

पुंजाजींनी ज्योत शांत होऊ दिली. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, आणि बावीस वर्षांत इतकी आखूड उलटतपासणी मी पाहिली नाही. "साहेब, आगपेटी पायथ्यापासून वर कोनं आनली?" मी म्हटले, हिने. "चिबडीतून कोरडी कोनं ठेवली?" मी म्हटले, हिने, पण युक्ती माझी. "पेटवली कोनं?" इथे मी म्हणालो की मी तहकुबी मागतो. पुंजाजी सौ.कडे वळले. आतापर्यंत ते तिला वहिनी म्हणत होते. ते म्हणाले, "भगत, नागपंचमीच्या सा दिवस आधी मलकापूरच्या गाडीवर या. घोंगडी आना."

मी हरकत घेतली. जथ्यात बाई गेलेली नाही, असे मी म्हणालो. पुंजाजी म्हणाले, "आजलोक कोन्या बाईनं कापूर पेटवला नवता. तिले वर आनली कोनं?" याचे उत्तर मीच होतो. हिंमतराव आणि शेषराव दोघेही माझ्याकडे दयेने पाहत होते. मी न्याहारी हिंमतरावांचीच खाल्ली, कारण आपला डबा सोडायचीही मला लाज वाटली. पिठले फार उत्तम होते. पोटाला काहीही झाले नाही. चार दिवस वाट पाहतो आहे.

तेव्हापासून घरात काय चालले आहे ते ऐका. सौ. रोज पहाटे तळ्यापर्यंत जाऊन येते, आणि येताना पाण्याची घागर भरून आणते, जणू मुद्दाम. कामे करताना गुणगुणते. काल शेजारणीने विचारले, "जाता म्हणे?" तर नुसती हसली. भाऊसाहेब, मी सगळा पुरावा पुन्हा तपासला. डब्याला बरोबर चल म्हटल्यावर चटकन "येते की" कोण म्हणाले? अनवाणी कोण आले? लुगड्याचा काचा पायथ्याशीच कोणी मारून ठेवला होता? आणि ज्येष्ठात आपल्याकडून एक जाडसर घोंगडी आली ती कोणाच्या नावावर? मी आपणांवर आळ घेत नाही. पण आपण तिचे थोरले बंधू आहात आणि मी तिचा नुसता नवरा, तेव्हा पक्षकार कोणाचा कोण हे उघड आहे.

आता माझी नम्र विनंती अशी. आपण तिला वडीलकीच्या नात्याने एक सक्त पत्र लिहावे. आपल्या घराण्यातल्या बायका गुहांत राहत नाहीत असे लिहावे. ते पुरेसे वाटले नाही, तर नागपंचमीच्या सुमारास आपला दमा वाढावा, म्हणजे तिला मलकापुरातच उतरून आपल्याजवळ थांबावे लागेल. हे मी माझ्या अब्रूसाठी सांगतो असे समजू नये. कचेरीत काय सांगायचे ते मी पाहून घेईन. पण सात डोंगर, पाऊस, अंधार, आणि ती. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. माहेरपण आणि बाळंतपण सोडले तर ती एक रात्र या घराबाहेर राहिलेली नाही. मला भीती वाटते, भाऊसाहेब. तिचे काही होईल याची वाटते, आणि तिचे काहीच होणार नाही, ती त्या बुडख्यांवरून चालली तशी सात डोंगर चालून येईल, आणि मग तिला माझी काय गरज, याचीही वाटते. हे दुसरे कोणापाशी बोलू नये.

मुलांना आशीर्वाद. सौ. बेबीताई वहिनींना नमस्कार, आणि त्या दोन मिरगुंडांचे काय झाले ते सवडीने विचारावे.

आपला आज्ञाधारक
मार्तंड

ता. क. हे पत्र वाचून फाडावे. सौ.ला लिहाल ते आपल्याच मनाने लिहिल्यासारखे लिहावे. माझ्या भाषेतला "सबब" हा शब्द चुकूनही घालू नये, ती ओळखेल.

ता. क. दुसरे (गुरुवार, सकाळ). पत्र काल टपालात टाकले नाही, ते बरे झाले. रात्री जेवताना मी तिला सरळ विचारले, की नवस माझ्या नावाने बोललीस, मग आता जायला तू कशी निघालीस? ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "तुमच्या नावाने कोण म्हणालं? मीच पायी येईन असं बोलले होते मी देवाला. कोकिळेला सोडव, मी येते. तुम्ही दुसऱ्या दिवशी रजेचा अर्जच देऊन आलात, सगळ्या कचेरीला सांगून आलात. तुमचं मन कसं मोडू?" मी विचारले, मग मला सांगितलेस का नाही? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठे?" भाऊसाहेब, मी गुळाच्या व्यापाऱ्याची चौकशी केली, बुटाच्या खोलीची केली, आपल्या मिरगुंडांची केली. हा एक प्रश्न तीन महिन्यांत मला सुचला नाही. ती तीन महिने मला जाऊ देणार होती, आणि देवाला काय सांगायचे याच विवंचनेत होती. सबब वरील विनंती रद्द समजावी. दमा वाढवू नये. एवढे लांब पत्र मी दुसऱ्यांदा उतरवून काढणार नाही. दिवसभर नकला करून घरी पुन्हा स्वतःचीच नक्कल करणे मला जमणार नाही. म्हणून हेच पाठवतो.

ता. क. तिसरे. खरी विनंती ही. मलकापूरच्या बाजारात बायकांच्या पायाला बसतील असे रबरी तळाचे बूट मिळतात काय ते पाहावे, चार नंबरचे. ती अनवाणीच जाईन म्हणते, पण जवळ असू द्यावे. आणि जथा गाडीत बसल्यापासून परत येईपर्यंतचे ते नऊ-दहा दिवस मला आपल्याकडे ठेवून घ्यावे. रजा मंजूर आहेच. मी काही त्रास देणार नाही, सकाळ-संध्याकाळ नुसता स्टेशनावर जाऊन बसेन. तिच्या गाठोड्यात तळाशी एक जादा आगपेटी मी मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे. तिला सांगितलेले नाही.

ता. क. चौथे. डिंकाचा उलगडा झाला. आपली पत्रे माझ्याआधी तीच वाचते आणि भाताच्या खळीने पुन्हा चिकटवून ठेवते, सव्वीस वर्षे. हेही मी आजच विचारले. आता मी कचेरीत निघालो आहे, आणि हे पत्र कोनाड्यात ठेवून जातो, संध्याकाळी टाकीन. तरी पाकिटावर खळीचा दुसरा थर दिसला, तर कोणावर संशय घेऊ नये.